पार्श्वभूमी : केलुआकची बी कवचाबाहेर कशी आली

सिंगापूरमधल्या पेरानाकन रेस्तराँत आज दोन तऱ्हेचे जेवण मिळते. एकीकडे आयाम बुआह केलुआक (केलुआक नावाच्या बीबरोबर शिजवलेली कोंबडी), बाबी पोंगतेह (आंबवलेल्या सोयाबीनमधले डुकराचे मांस), चाप चाय (मिश्र भाजी). दुसरीकडे त्याच केलुआकच्या गरात परतलेला भात, नूडल्स, अगदी आइस्क्रीमसुद्धा. हा दुसरा भाग कसा आला, हे समजायला फार मागे जायची गरज नाही.

मलाक्का आणि पेनांगच्या बंदरांत चिनी व्यापारी व स्थानिक स्त्रियांच्या संसारांतून हा पेरानाकन समाज घडला, तो इतिहास ठाऊक असतो. पण ‘पारंपरिक’ म्हणून जे ताट मांडले जाते, ते बरेचसे ब्रिटिश अमलातल्या सधन घरांचे आहे. त्या घरांत नोन्या म्हणजे सुना-लेकी, मोलकरणी आणि नोकरीला ठेवलेले हैनानी स्वयंपाकी असा मोठा राबता असे. गवती चहा, हळद, छोटे कांदे, गलांगल (आल्यासारखे मूळ), जंगली अक्रोड आणि बेलाचान दगडी खलात कुटून रेम्पा, म्हणजे मसाल्याचे वाटण करायचे. बेलाचान म्हणजे जवळ्याच्याच जातीची बारीक कोळंबी आंबवून, वाळवून केलेली वडी. या वाटणालाच निम्मी सकाळ जाई.

१९४२ ते १९४५च्या जपानी अमलात अनेक घरांची श्रीमंती गेली. पुढे मुली शाळा-कॉलेजात आणि नोकऱ्यांत गेल्या, एकत्र कुटुंबे सरकारी फ्लॅटांत विभागली. राबणारे हात कमी झाले आणि हे जेवण घराबाहेर मिळायला लागले. सिंगापूरच्या जू चियाट भागात १९५३ साली सुरू झालेली खानावळ या बाबतीत सर्वांत जुन्यांपैकी मानली जाते. १९७४ साली तर तत्कालीन पंतप्रधानांच्या आईनेच नोन्या पाककृतींचे पुस्तक काढले. ज्या घरांत रेम्पाचे प्रमाण शेजारणीलाही सांगत नसत, त्यांच्यासाठी हे धाडसच होते, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या प्रयोगांचे दार तिथेच उघडले. २००८मध्ये या समाजाचे संग्रहालय सुरू झाले, त्याच वर्षी एक दूरचित्रवाणी मालिका गाजली आणि तरुण गिऱ्हाईक वाढले. २०१६मध्ये एका पेरानाकन रेस्तराँला मिशेलिन या रेस्तराँ-मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. असा मान मिळालेले ते जगातले पहिलेच.

त्या ताऱ्याच्या आसपास खरा वाद पेटला तो केलुआकवरून. खारफुटीच्या काठी वाढणाऱ्या मोठ्या झाडाची ही बी कच्ची असताना विषारी असते. तिच्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. म्हणून ती उकडून राख, केळीची पाने आणि माती यांत साधारण चाळीस दिवस पुरतात. बाजारातून आणल्यावरही रोज पाणी बदलत काही दिवस भिजवायची, ब्रशने घासायची, मग टोकाचे कवच बत्त्याने बेताने फोडायचे. आतला काळा गर कोरून, वास घेऊन खराब बी बाजूला काढायची. चांगला गर खिमा किंवा कोळंबीबरोबर कुटून परत कवचात भरायचा आणि चिंचेच्या आंबट रश्श्यात कोंबडीबरोबर शिजवायचा. जेवणाऱ्याने बारीक चमच्याने तो कोरून भातात कालवायचा.

नव्या शेफनी कवचच काढून टाकले. जुन्या पिढीचा आक्षेप असा, की रस्सा कवचात मुरतो तिथेच पदार्थ होतो. नुसता गर म्हणजे काळी पेस्ट. शेफांचे उत्तर, की शेवटी तो गर भातातच जातो, मग आम्ही आधी कालवला तर बिघडले काय? हे उत्तर मला अर्धेच पटते. फ्राइड राइसमध्ये गराचा मातकट, कडवट चॉकलेटसारखा स्वाद टिकतो, पण चिंच आणि रेम्पा मागे पडतात. आइस्क्रीमचे मात्र वेगळे आहे. तिथे कोणी रश्श्याची अपेक्षाच धरत नाही, आणि केलुआक कोकोशेजारी शोभून दिसतो. ‘हे आमचे नाही’ म्हणणाऱ्या आज्यांचे ऐकायलाच हवे, कारण भिजवणे-घासणे त्यांनी केले आहे. पण त्यांच्या नातीला तेच काम शनिवार-रविवारी करायला सांगणे हा काही जतनाचा मार्ग नव्हे.

त्या मानाने दुसऱ्या बदलावर कमी बोलले जाते. मुस्लिम गिऱ्हाइकांसाठी अनेक ठिकाणी डुकराचे मांस बंद झाले. बाबी पोंगतेहच्या जागी आंबवलेल्या सोयाबीनमधली कोंबडी, म्हणजे आयाम पोंगतेह आली, केलुआकच्या सारणातही कोंबडी किंवा नुसती कोळंबी आली. यात चिनी बाजू पुसली जाते, असे काही जण म्हणतात. पोंगतेहबाबत ते खरे आहे. केलुआकबाबत नाही: जावामध्ये रावोन नावाच्या काळ्या रश्श्यात ही बी गोमांसाबरोबर शिजते, आणि आजही सिंगापूरला ती इंडोनेशियातूनच येते.