पकडलं, पण सोडायचं कुठे?

संक्रांत उलटली की ठाण्यात घारी पडायला लागतात. पतंगांचा हंगाम दोन-चार दिवसांत आटोपतो, पण झाडांच्या शेंड्यांना आणि केबलच्या वायरींना गुंतलेला नायलॉनचा मांजा पावसाळ्यापर्यंत आणि त्यानंतरही लटकत राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. बंदी आहे आणि मांजाही आहे. घार खाली आली की सोसायटीतलं कुणीतरी खोका शोधतं, कुणीतरी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावतं, आणि नशीब बरं असेल तर थोड्या वेळात एखादा कार्यकर्ता जाड हातमोजे घालून दारात हजर होतो.

ही साखळी आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कायमच होती असं वाटावं. प्रत्यक्षात ती जुळायला शंभरावर वर्षं लागली. जनावर पकडण्याचं तंत्र त्या मानाने लवकर साधलं. घोडं अडत आलं ते पुढच्या प्रश्नावर: पकडलेलं जनावर सोडायचं कुठे, आणि सोडण्याजोगं नसेल तर त्याचं काय करायचं?

या भागात प्राण्यांच्या उपचाराचा सगळ्यात जुना पत्ता परळचा. प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झाली आणि १८८३ मध्ये पेटिट घराण्याच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय उभं राहू लागलं. जुने मुंबईकर त्याला आजही बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात, आणि नावातच त्याचं काम आलं. गाड्या ओढणारे बैल आणि घोडे हे तिथले मुख्य रुग्ण. रानातलं जनावर जखमी झालं म्हणून दवाखान्यात न्यावं, हा विचारच तेव्हा नव्हता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीही त्याच १८८३ सालची. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारी आणि निसर्गअभ्यासक हे बहुधा एकच लोक असत. जनावर मारायचं, मोजायचं, पेंढा भरून ठेवायचं, हाच त्या काळचा अभ्यास होता.

मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. खरी कलाटणी मिळाली ती १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याने. तरी परवाना काढून शिकार करण्याची वाट त्या कायद्यातही होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे ते कलम ३९. संरक्षित वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता, आणि असा प्राणी कुणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक. म्हणजे घरट्यातून पडलेलं घुबडाचं पिल्लू दयेपोटी घरी आणून महिनाभर वाढवणारा माणूसही कायद्याने गुन्हेगारच ठरू शकतो. यात कठोरपणा आहे खरा, पण त्यामागे कारणही आहे. माणसाच्या हातून खाऊन वाढलेलं पिल्लू माणसाला भीत नाही, आणि ते बाहेर फार काळ टिकत नाही. कायद्याने असं काय करायचं नाही ते नेमकं सांगितलं. काय करायचं, त्यासाठी दवाखाना कुठे, पिंजरा कुठे, डॉक्टर कोण, हे मात्र पुढची कित्येक वर्षं कुणीच सांगितलं नाही.

ती पोकळी आधी भरून काढली सर्पमित्रांनी. नवं शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ १९७० मध्ये स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबईची आखणी सुरू झाली. भातखाचरं, मिठागरं आणि पारसिकच्या डोंगरउताराखालची माळरानं यांवर नोड, म्हणजे नव्या वसाहती, उभे राहिले. इकडे ठाण्यात घोडबंदर रोड येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला बिलगत वाढला. पाया खणायला यंत्रं लागली की बिळं उद्ध्वस्त होतात, आणि वस्ती आली की कचरा येतो, कचऱ्यामागे उंदीर येतात, उंदरांमागे धामण आणि नाग. पहिल्या मजल्यावर साप निघाला की आधी काठी निघायची. नंतर लोक ‘तो साप पकडणारा मुलगा’ शोधू लागले.

त्या मुलांच्या डोळ्यांसमोर पुण्याचं उदाहरण होतं. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढून दाखवले आणि १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान सुरू झालं. साप पाहताक्षणी मारायचा नसतो, ही गोष्ट मराठी घरांत पोचवण्यात त्या विक्रमाचा वाटा मोठा आहे. त्याच्याच पोटी पुढे साप हातात धरून फोटो काढण्याची खोड आली, हेही नाकारण्यात अर्थ नाही. जाणता सर्पमित्र मात्र सापाला फारसा हातच लावत नाही. कापडी पिशवीच्या तोंडाशी पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवायचा आणि कोपऱ्यात दडलेल्या सापाला हुकाने त्या अंधाऱ्या पाइपकडे वळवायचं. बीळ समजून तो आपणहून आत शिरतो.

पिशवीत साप आला की पुढचा रस्ता ठरलेला असे: येऊर. शहरात कुठेही सापडलेला साप असो, धामण असो की घोणस, तो येऊरच्या जंगलात नेऊन सोडायचा. सगळ्यांनाच वाटे की त्याला ‘त्याच्या घरी’ पोचवलं. पण त्याचं घर तुमच्या गटाराशेजारी होतं. परक्या जागी सोडलेला साप दिशाहीन भटकतो आणि जगण्याची शक्यता घटते, असं जगभरच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. म्हणून आता वनविभागाकडे नोंद करायची आणि साप सापडला तिथून जवळच्याच सुरक्षित झाडोऱ्यात सोडायचा, असा आग्रह धरला जातो. सोसायटीच्या सेक्रेटरीला हे पटवणं हे साप पकडण्यापेक्षा कठीण काम.

सापांच्या बाबतीत जी चूक निमूटपणे पचली ती बिबट्यांच्या बाबतीत माणसांच्या जिवावर बेतली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला ठाणे. वस्तीजवळ बिबट्या दिसला की लोक पिंजरा मागत, पिंजरा लागे, बिबट्या सापडे आणि दुसऱ्या जंगलात सोडला जाई. राज्यात सगळीकडे हीच रीत होती. मग २००४ उजाडलं. एकट्या जून महिन्यात या उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत दहाच्या आसपास माणसं गेली.

उत्तराचा धागा जुन्नरला सापडला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या नोंदी तपासल्या. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून जंगलात सोडायला सुरुवात झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ही सरासरी १७ वर गेली. पिंजऱ्यातला ताण, अनोळखी मुलूख, आधीच तिथे असलेले बिबटे आणि आपल्या हद्दीकडे परतण्याची ओढ, या सगळ्यांतून बिथरलेलं जनावर सोडल्या जागी थांबत नाही.

ते किती थांबत नाही हे ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने दाखवलं. नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा थोराड नर २००९ मध्ये बाहेर काढला, गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडला. तिथून तो पश्चिमेला निघाला. कसाऱ्याचं रेल्वे स्थानक आणि आग्रा रोड ओलांडून, सुमारे १२० किलोमीटर चालून, थेट वसईच्या खाडीकाठी आला. एवढ्या प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये घोडबंदरच्या बाजूला महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. उचलून जंगलात ठेवला म्हणजे बिबट्या तिथला होतो, हा समज ठाणे जिल्ह्याच्या नकाशावरच खोटा ठरला. त्याच २०११ मध्ये केंद्राने मानव-बिबट संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. पकडून दूर सोडणं टाळा, हे त्यांचं सार. उद्यानाच्या काठाने राहणाऱ्यांशी बोलण्याची मोहीमही त्याच वर्षी सुरू झाली.

म्हणूनच २० फेब्रुवारी २०१९ ची सकाळ वेगळी वाटते. पहाटे ठाण्याच्या कोरम मॉलच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला आणि पुढे तो समतानगरच्या एका हॉटेलच्या तळघरात सापडला. बाहेर बघ्यांची झुंबड, आत बेशुद्धीची बंदूक घेतलेलं पथक. काही तासांत बिबट्या सुखरूप बाहेर आला आणि एकाही माणसाला जिवाला मुकावं लागलं नाही. त्याच्या पंधरा वर्षं आधी याच प्रसंगाचा शेवट असा झाला असता का, मला शंका आहे.

पक्ष्यांचं काम याहून कमी नाट्यमय आणि जास्त चिकाटीचं. मांजाने बहुतेक वेळा कापला जातो तो घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेचा, खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेला पातळ पडदा. मांजा ओढून काढायचा नाही. दोन्ही बाजूंनी कापून मधला तुकडा डॉक्टरसाठी तसाच ठेवायचा. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेला खोका, अंधार, शांतता, एवढंच पुरे. टाके घातल्यावर कातडी कोरडी पडू द्यायची नाही, आणि जखम भरली की पंख हळूहळू ताणून देण्याचा व्यायाम. पंख आखडला तर जखम बरी होऊनही घार उडत नाही. शेवटी मोठ्या पिंजऱ्यात या टोकाकडून त्या टोकाला न दमता उडाली, तरच बाहेर.

पावसाळ्याआधी फांद्या छाटल्या जातात, नेमक्या तेव्हाच बगळे आणि रातबगळे घरट्यात असतात. फांदीबरोबर पिल्लं रस्त्यावर येतात. ही पिल्लं अनाथ नसतात, आपण त्यांना अनाथ करतो. छाटणीच्या वेळापत्रकात एक महिना मागेपुढे झाला तरी जूनमधले निम्मे फोन कमी होतील असा माझा अंदाज आहे.

आणखी एक वर्ग आहे तो मुद्देमालाचा. मांडूळ, पोपट, स्टार कासव विकायला आणलेल्या टोळ्या ठाण्यात अधूनमधून पकडल्या जातात. आरोपी कोठडीत जातात आणि जनावरं पुरावा म्हणून अडकतात. त्यांना सोडायला न्यायालयाची परवानगी लागते. त्यात स्टार कासव इथलं नव्हेच. त्याला येऊरला सोडणं म्हणजे सापांच्या बाबतीतली जुनीच चूक पुन्हा करणं.

आणि जे कधीच परतणार नाहीत त्यांचं? २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, पकडलेला प्राणी निसर्गात परत जाऊ शकत नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री पटून तशी लेखी कारणं नोंदवल्याशिवाय त्याला बंदिस्त ठेवता येत नाही. ही तरतूद चांगलीच आहे. बिबट्यासाठी बोरिवलीला निवारा केंद्र आहे. एका पंखाची घार मात्र कुठल्याच प्राणिसंग्रहालयाला नको असते. मोठ्या, देखण्या जनावरासाठी जागा निघते, पैसाही निघतो. घारी, वटवाघळं आणि बगळे वर्षानुवर्षं संस्थांच्या आणि हौशी डॉक्टरांच्या जिवावर चालले आहेत. प्राथमिक उपचार करून सोडण्यासाठीची वनविभागाची केंद्रं नागपूर, पुणे इथे उभी राहिली, ती गेल्या दहा-बारा वर्षांतली गोष्ट.

खाडीच्या बाजूने सरकारी यंत्रणा तुलनेने लवकर हलली. खारफुटी जपणारा वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ चा, ठाणे खाडी रोहित (फ्लेमिंगो) पक्षी अभयारण्य २०१५ चं, आणि २०२२ मध्ये या अभयारण्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा, दर्जा मिळाला. पण अभयारण्याच्या हद्दीला रोहित बांधलेले नाहीत. भरतीला खाडी भरली की ते नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळांवर येऊन बसतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या डीपीएस तलावाच्या परिसरात रोहित मरून पडले, काही जखमी सापडले. भरतीच्या पाण्याची वाट बंद झाल्याने तलाव आटला, अशी पक्षीप्रेमींची तक्रार होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेने ३९ रोहित गेले. राज्य सरकारने २०२५ मध्ये डीपीएस तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायचं ठरवलं. तिथे उचललेला रोहित बरा होऊन पुन्हा त्याच तलावावर सोडायचा असेल, तर तोवर तलावात घोटाभर पाणी आणि त्याखाली चिखल शिल्लक असावा लागतो.