न्यूयॉर्कची वाट ग्रीनलंडवरून का जाते?

मावसबहीण न्यूयॉर्कला निघाली की वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरी मावशी मोबाइलवर तिचं विमान बघत बसते. गेल्या खेपेला तिनं मला हाक मारली, "अरे, अमेरिका पश्चिमेला ना? मग हे ग्रीनलंडवर काय करतंय?"

मी पृथ्वीचा गोल काढला आणि उत्तरायणातला उरलेला पतंगाचा दोरा. एक टोक वडोदऱ्यावर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणला. तो आपोआप वर सरकला. अफगाणिस्तान, रशिया, स्वीडन ओलांडून आर्क्टिक वृत्ताच्या अगदी जवळ पोचला आणि आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडा असा खाली उतरला. गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर ते हेच: सुमारे १२,२०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, तर तीच रेघ प्रत्यक्षात १४,००० किलोमीटर भरते. म्हणजे विमानाचे दोन तास जास्त.

असं होतं, कारण रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येतात. एका अंशाची रुंदी विषुववृत्तावर १११ किलोमीटर, वडोदऱ्यात १०३, आणि ६० अक्षांशावर जेमतेम ५६. सपाट नकाशा ही रुंदी सगळीकडे सारखीच दाखवतो, म्हणून उत्तरेचा आडमार्ग लांबचा वाटतो.

मावशीचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्क आपणहून विमानाकडे येतंय. मग जातानाच वेळ जास्त का? पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच तरंगत असतं, त्यामुळे तो फायदा मिळत नाही. फरक पडतो तो वाऱ्यानं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, कधी ताशी दोनशे किलोमीटरनंही. उष्ण कटिबंध आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकामुळे ते निर्माण होतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. म्हणजे पृथ्वीचं फिरणं मोजावं लागतंच, फक्त वाऱ्याच्या वाटेनं, तेही मावशीच्या अंदाजाच्या उलट.

बहिणीचं विमान दिल्लीहून सुटतं. म्हणून जाताना साधारण साडेपंधरा तास, येताना दोन तास कमी. हिवाळ्यात रात्री दोनला निघालेली बहीण तिथल्या सकाळी सातला उतरते. घड्याळात पाचच तास. परतताना दुपारी बाराला बसली, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला दिल्लीत.

हा दोऱ्याचा हिशेब झाला. आकाशाला मात्र सीमा आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीच्या विमानांना आधी खाली अरबी समुद्राकडे वळावं लागलं आणि अमेरिकेच्या काही फेऱ्या इंधनासाठी युरोपात उतरल्या. मावशीला ते दाखवलं तेव्हा तिनं दोरा मध्येच बोटानं खाली ओढून धरला आणि दोरा किती जास्त लागतो ते स्वतःच मोजून पाहिलं.