नव्या अक्षररचनेचे प्रवर्तक आणि तिचे टीकाकार: यान चिखोल्ड

सेरिफ (अक्षराच्या रेघेच्या टोकाला असलेली छोटी आडवी रेघ) नसलेली अक्षरे, डाव्या समासाला धरून लावलेल्या ओळी आणि मुद्दाम मोकळी सोडलेली जागा ही ग्राफिक डिझाइनमधील आधुनिकतावादाची ओळख आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यावरून एके काळी कडाक्याचा वाद झाला होता हे सहसा लक्षातही येत नाही. त्या वादाच्या दोन्ही बाजूंनी जर्मन अक्षररचनाकार यान चिखोल्ड उभे राहिले, म्हणून हा इतिहास त्यांच्यापासून सांगणे मला योग्य वाटते.

चिखोल्ड यांचा जन्म १९०२ मध्ये लायप्झिग येथे झाला. वडील पाट्या रंगवीत, मुलगा सुलेखन शिकला. १९२३ मध्ये वायमार येथील बाउहाउस या आधुनिक कला-शिक्षणसंस्थेचे प्रदर्शन पाहून ते भारावले आणि दोनच वर्षांनी त्यांनी मुद्रण व्यवसायातील एका नियतकालिकाचा विशेषांक या आधुनिक मांडणीला, म्हणजेच नव्या अक्षररचनेला, वाहिला. त्यामुळे मूठभर कलावंतांपुरता असलेला हा विचार छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांपर्यंत पोहोचला. त्यांचे खरे मोठेपण मला येथे दिसते. १९२७ मध्ये म्युनिकच्या फोएबुस चित्रपटगृहासाठी त्यांनी केलेल्या एका भित्तिपत्रकात तिरप्या रेषा एका बिंदूकडे धावतात आणि त्याच ओघात छायाचित्रे लहान-मोठी होत जातात. मजकूर मधोमध आणण्याची जुनी रीत तेथे पूर्ण मोडली आहे. १९२८ च्या ‘डी नॉये टिपोग्राफी’ या पुस्तकात त्यांनी असममित मांडणी, सेरिफविरहित अक्षरे आणि कागदाचे प्रमाणित आकार यांचा ठाम पुरस्कार केला.

१९३३ मध्ये नाझींनी त्यांना अटक केली. सुटकेनंतर ते कुटुंबासह स्वित्झर्लंडला गेले. आपल्याच जुन्या आग्रहातील ताठरपणा आणि नाझींची हुकूमशाही शिस्त यांत त्यांना पुढे साम्य दिसू लागले, आणि १९४६ मध्ये स्विस डिझाइनर मॅक्स बिल यांनी त्यांच्यावर तत्त्वे सोडल्याची टीका केली तेव्हा त्यांनी हे उघडपणे लिहिले. कादंबरीसारख्या सलग वाचनाच्या पुस्तकाला सममित मांडणीच अनेकदा शोभते, असे त्यांचे मत झाले होते. १९४७ ते १९४९ या काळात लंडनला पेंग्विन प्रकाशनात त्यांनी जुळाऱ्यांसाठी नियमावली तयार केली. कॅपिटल अक्षरांमध्ये किती अंतर सोडावे, इतक्या बारीक गोष्टीही त्यांनी स्वतः तपासल्या.

स्वित्झर्लंडमध्ये मात्र त्यांनी सोडलेली वाट इतरांनी पुढे नेली. स्विस डिझाइनर योझेफ म्युलर-ब्रोकमान यांनी झुरिकच्या संगीत मैफलींची भित्तिपत्रके भूमितीच्या आधारे रचली. १९५७ मध्ये हेल्वेटिका, तेव्हाचे नाव नॉये हास ग्रोटेस्क, आणि आद्रियान फ्रुटिगर यांचा युनिव्हर्स हे दोन सेरिफ नसलेले टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे संच, बाजारात आले. चिखोल्ड यांनी १९६७ च्या सुमारास दिलेला साबोन हा टाइप याच्या अगदी उलट, सोळाव्या शतकातील फ्रेंच वळणाचा आणि सेरिफ असलेला होता. हाताने जुळवलेला मजकूर आणि लायनोटाइप किंवा मोनोटाइप यंत्रावर जुळवलेला मजकूर सारखाच दिसावा, अशा बेताने त्यांनी तो आखला होता.