मेल्व्हिल, हर्मन

हर्मन मेल्व्हिल (१ ऑगस्ट १८१९ – २८ सप्टेंबर १८९१) : अमेरिकन कादंबरीकार, कथाकार व कवी. जन्म न्यूयॉर्क शहरात. त्याचे दोन्ही आजोबा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात नावाजलेले होते; वडील ॲलन परदेशी मालाची आयात करीत. त्यांचा व्यापार बुडाला आणि १८३२ मध्ये, हर्मन बारा वर्षांचा असताना, कर्ज मागे ठेवून ते वारले. शिक्षण अर्धवट राहिलेल्या हर्मनने बँकेत कारकुनी केली, काकांच्या शेतावर राबला, काही काळ शाळामास्तर झाला आणि १८३९ मध्ये लिव्हरपूलला जाणाऱ्या एका व्यापारी जहाजावर नवखा खलाशी म्हणून रुजू झाला. समुद्राची ओढ त्याला होतीच, पण घरची ओढगस्तही तितकीच खरी होती. त्याच्या लेखनात दर्यावरच्या थराराइतकेच दर्यावरच्या कष्टांना स्थान आहे, त्याचे मूळ येथे सापडते.

३ जानेवारी १८४१ रोजी अकुश्नेट या व्हेल-शिकारी जहाजातून तो मॅसॅच्यूसेट्सच्या किनाऱ्यावरून प्रशांत महासागराकडे निघाला. त्या काळी घरोघरचे दिवे आणि मेणबत्त्या व्हेलच्या तेलावर जळत आणि यंत्रांनाही तेच तेल लागे. सफर तीन-चार वर्षे चाले. खलाशांना ठरावीक पगार नसे, नफ्यातील हिस्सा मिळे; मेल्व्हिलच्या वाट्याला १७५ वा हिस्सा होता. दीड वर्षातच या जिण्याला कंटाळून, जुलै १८४२ मध्ये, मार्केझास द्वीपसमूहातील नुकु हिवा बेटावर टोबी ग्रीन या सोबत्यासह तो जहाजावरून पळाला आणि नरभक्षक म्हणून बदनाम असलेल्या टायपी लोकांत काही आठवडे राहिला. पुढे एका ऑस्ट्रेलियन जहाजावर काम नाकारणाऱ्या खलाशांत सामील झाल्यामुळे ताहितीत त्याला अटकेत ठेवण्यात आले. नंतर हवाई बेटांवर पोहोचून तो अमेरिकन आरमाराच्या युनायटेड स्टेट्स या युद्धनौकेवर भरती झाला आणि ऑक्टोबर १८४४ मध्ये बोस्टनला परतला.

या अनुभवांवरील टायपी (१८४६) व ओमू (१८४७) या पुस्तकांनी त्याला रातोरात प्रसिद्धी दिली. बेटांवरील लोकांचे त्याने केलेले आपुलकीचे वर्णन आणि मिशनऱ्यांवरील टीका तेव्हाच्या धर्मनिष्ठ वाचकांना झोंबली. १८४७ मध्ये मॅसॅच्यूसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांची कन्या एलिझाबेथ हिच्याशी त्याचा विवाह झाला. रूपकात्मक मार्डी (१८४९) वाचकांनी नाकारल्यावर त्याने रेडबर्न (१८४९) आणि व्हाइट-जॅकेट (१८५०) ही पुस्तके झपाट्याने लिहिली. व्हाइट-जॅकेटमध्ये आरमारातील फटक्यांच्या शिक्षेचे अंगावर काटा आणणारे चित्रण आहे. या शिक्षेविरुद्ध चळवळ आधीपासून चालू होती आणि त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने ती बंद केली.

मोबी-डिक (१८५१) ही त्याची सर्वश्रेष्ठ कादंबरी. आपला पाय तोडणाऱ्या पांढऱ्या व्हेलच्या सुडाने पेटलेला कप्तान एहॅब साऱ्या जहाजाला विनाशाकडे कसा नेतो, हे इश्मेल हा खलाशी सांगतो. कथेला खरा आधार होता : २० नोव्हेंबर १८२० रोजी एसेक्स हे जहाज व्हेलच्या धडकेने प्रशांत महासागरात बुडाले होते आणि त्यातून वाचलेल्या ओवेन चेसचा वृत्तांत मेल्व्हिलने त्याच्याच मुलाकडून घेऊन भर समुद्रात वाचला होता. शेक्सपिअरचे वाचन आणि १८५० मध्ये कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्नशी जुळलेली मैत्री यांनी या लेखनाला खोली दिली. पुस्तक हॉथॉर्नलाच अर्पण केले आहे. तिच्यातील व्हेलविषयक प्रकरणे अनेक वाचक गाळतात, पण ती गाळणे म्हणजे कादंबरीचा गाभाच गमावणे होय. जहाजावरच्या विटांच्या भट्टीवर मोठ्या कढयांत व्हेलची चरबी कढवताना सुरुवातीला लाकूड लागते. मग तेल निघून गेल्यावर उरलेले कुरकुरीत तुकडेच सरपण होतात, म्हणजे व्हेल आपल्याच देहावर जळत राहतो. एरवी याच कढया वाळूने घासून चांदीसारख्या लखलखीत ठेवलेल्या असतात आणि रात्रपाळीचे खलाशी त्यांत अंग मुडपून डुलकी काढतात. हे बारकावे राबलेल्या माणसाचे आहेत, आणि एहॅबचे वेड वाचकाला खरे वाटते ते त्यांच्याच बळावर.

मेल्व्हिल भारतात कधी आला नाही, तरी या कादंबरीत मुंबईजवळची घारापुरी आहे. व्हेलचे सर्वांत प्राचीन चित्र तेथील लेण्यात, विष्णूच्या मत्स्यावताराच्या रूपात आहे, असे इश्मेल सांगतो. प्रत्यक्षात ते लेणे शैव असून मत्स्यावताराचे असे शिल्प तेथे नाही. एहॅबचा गूढ साथीदार फेडाला पारशी दाखवला आहे, तोही ऐकीव आणि पुस्तकी कल्पनांतूनच घडलेला आहे.

लंडनच्या आवृत्तीत उपसंहार गळाला. त्यामुळे सगळे बुडाल्यावर कथा सांगायला निवेदक उरला कसा, असा आक्षेप तेथील समीक्षकांनी घेतला. शवपेटीच्या आधाराने इश्मेल तरल्याचे त्यांना वाचायलाच मिळाले नव्हते. पुस्तक फारसे खपले नाही. पिएर (१८५२) या कादंबरीने तर त्याची उरलीसुरली पत घालवली. तरीही बार्टलबी (१८५३) ही कामाला नम्रपणे नकार देणाऱ्या कारकुनाची कथा आणि गुलामांच्या जहाजावरील बंडाची बेनिटो सेरेनो (१८५५) याच पडत्या काळातील आहेत.

द कॉन्फिडन्स-मॅन (१८५७) नंतर त्याच्या हयातीत कादंबरी आली नाही. १८६६ पासून १९ वर्षे तो न्यूयॉर्क बंदरात जकात निरीक्षक होता. रोज चार डॉलर मिळत. ज्या धक्क्यांवरून तरुणपणी निघाला, तेथेच तो इतरांचा माल तपासत राहिला. १८६७ मध्ये थोरला मुलगा माल्कम घरातच पिस्तुलाच्या गोळीने मरण पावला. या काळात तो कविता लिहीत होता : यादवी युद्धावरील बॅटल-पीसेस (१८६६) आणि पवित्र भूमीच्या यात्रेवरील, सुमारे १८,००० ओळींचे क्लॅरेल (१८७६). शेवटच्या दोन काव्यसंग्रहांच्या त्याने प्रत्येकी २५ प्रतीच छापून घेतल्या.

मृत्यूच्या वेळी बिली बड ही लघुकादंबरी त्याच्या टेबलावर अपुरी होती. युद्धनौकेवरील निरागस खलाशी बिली, त्याच्यावर खोटा आळ घेणारा अधिकारी क्लॅगर्ट आणि मन पिळवटत असताना कायद्याने बांधलेला कप्तान व्हीअर यांची ही कथा एलिझाबेथने त्याच्या इतर कागदांसह जपून ठेवली. नातीने ते कागद रेमंड वीव्हर या अभ्यासकाकडे सोपवले. त्याने १९२१ मध्ये मेल्व्हिलचे चरित्र आणि १९२४ मध्ये बिली बड प्रसिद्ध केली, तेव्हा विस्मृतीत गेलेला हा लेखक पुन्हा वाचला जाऊ लागला. खाडाखोडींनी भरलेल्या त्या हस्तलिखिताची काटेकोर संशोधित आवृत्ती १९६२ मध्ये निघाली.