शंभर टक्क्यांत न मावणारा बांगडा

आपल्या कोकणातल्या बांगड्याचा एक चुलतभाऊ ईशान्य अटलांटिकमध्ये असतो. त्याच्या पोटात तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी नसते. पोहणं थांबलं की तो बुडू लागतो, म्हणून जन्मभर पळत राहतो. आयर्लंडच्या पश्चिमेला अंडी घालायची आणि उन्हाळ्यात प्लवकांमागे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांमागे, नॉर्वेकडे जायचं, असा त्याचा शिरस्ता. 2006-07च्या सुमारास मात्र त्याचे थवे आइसलँडच्या हद्दीत शिरू लागले. पाणी कोमट झालं म्हणून, की संख्या वाढून खाणं पुरेना म्हणून, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. दोन्ही कारणं असावीत.

2008 मध्ये आइसलँडच्या बँका बुडाल्या होत्या. अशा वेळी मासा आपणहून दारात आला, तर कोण सोडेल? 2006 मध्ये जेमतेम 4 हजार टन बांगडा पकडणाऱ्या या देशाने 2010 साठी परस्पर 1 लाख 30 हजार टनांचा कोटा जाहीर केला. आइसलँड आणि स्कॉटलंडच्या मधल्या, डेन्मार्कच्या छत्राखालच्या स्वायत्त फेरो बेटांनीही स्वतःसाठी 85 हजार टन ठरवले. 2010 च्याच ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या पीटरहेड बंदरात मच्छीमारांनी फेरोच्या ट्रॉलरला बांगडा उतरवू दिला नाही.

समुद्रातले मासे मोजतात तरी कसे? एक मार्ग अंड्यांचा. दर तीन वर्षांनी अनेक देशांची जहाजं बारीक जाळी ओढत विणीचा पट्टा पालथा घालतात. जाळीत आलेल्या गाळातून जेमतेम मिलिमीटरभर आकाराची, तेलाचा एकच थेंब असलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली वेचून मोजायची. त्यावरून एकूण अंडी किती, एक मादी सरासरी किती घालते, म्हणजे माद्या किती, असा उलटा हिशोब मांडतात. शिवाय माशांना चिप टोचून सोडतात आणि कारखान्यांतले स्कॅनर त्या टिपतात. या सगळ्यातून आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषद दरवर्षी किती मासे पकडावेत याचा सल्ला देते.

त्या आकड्यावर फारसं भांडण नाही. भांडण वाटणीचं आहे. 2014 च्या करारात युरोपीय संघाला 49.3, नॉर्वेला 22.5 आणि फेरोला 12.6 टक्के मिळाले. आइसलँडसह बाकीच्यांसाठी 15.6 टक्के राखले. आइसलँडने सही केलीच नाही. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, करार संपला, आणि 2021 मध्ये नॉर्वेने आपला वाटा थेट 35 टक्क्यांच्या आसपास नेला. ज्याने त्याने आपल्या पोळीवर तूप ओढलं. सगळ्यांची बेरीज सल्ल्याच्या सुमारे 40 टक्के वर गेली. समुद्री कायदा सामायिक माशांबाबत देशांनी सहमतीचा प्रयत्न करावा, एवढंच म्हणतो. प्रयत्न फसला तर पुढे काय, यावर तो गप्प.

2019 मध्ये शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र स्थगित झालं. 2026 साठी परिषदेने तब्बल 70 टक्के कपात सुचवली. गंमत म्हणजे 2020 पासून बांगडा आइसलँडच्या पाण्यात पूर्वीसारखा येत नाही, तरी वाट्याचा दावा कायम आहे.

सुक्याबरोबर ओलंही जळतं. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये छोट्या होड्यांतून हातदोरीने बांगडा धरणारेही याच साठ्यावर जगतात. आयर्लंडच्या किलीबेग्स बंदरात बांगड्याचा हंगाम मोजक्या महिन्यांचा. माल आला नाही तर कारखान्यातल्या हंगामी कामगारांचं काम आधी जातं. हा मासा अंडी घालतो त्यांच्याच किनाऱ्यापलीकडे, पण वाटाघाटींत आयर्लंडला स्वतंत्र खुर्ची नाही. त्याच्या वतीने युरोपीय संघ बोलतो.