योसेमिटीत घोड्यांसह मुक्काम: परवाना, कागदपत्रं आणि वैरणीची दोरी

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कात घोडे घेऊन तळ्याकाठी दोन रात्री काढायच्या, तर कागद दोन ठिकाणचे लागतात. परवाना माणसांच्या नावावर निघतो आणि घोड्यांचे कागद वेगळे. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण परवाना हातात आला की निर्धास्त होतात. आम्हीही झालो होतो.

आधी मुक्काम कुठे, ते ठरवा. वावोना, ब्रायडलव्हेल क्रीक आणि ट्वालमी मेडोज या गाडीरस्त्यालगतच्या कॅम्पग्राउंडांत घोडेवाल्यांसाठी मोजक्या जागा राखून ठेवलेल्या आहेत. एका जागेवर ६ माणसं आणि ६ जनावरं. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं, आणि घोडा सोबत नसेल तर ही जागा वापरता येत नाही. बर्फामुळे या जागा हंगामीच असतात. त्या वर्षी कोणत्या उघडल्या आहेत ते पार्कच्या पानावर बघूनच तारीख धरा.

वोगलसँग किंवा कथीड्रल लेक्सच्या बाजूला, म्हणजे गाडीरस्ता सोडून रानात राहायचं असेल तर विल्डरनेस परमिट काढावंच लागतं, वर्षभर. हे परमिट ट्रेल, म्हणजे पायवाट, जिथून सुरू होतो त्या ठिकाणानुसार आणि तारखेनुसार मिळतं. रोज ठरावीक माणसांनाच सोडतात. यातल्या ६० टक्के जागा २४ आठवडे आधी सोडत पद्धतीने जातात, उरलेल्या ४० टक्के ७ दिवस आधी सकाळी ७ वाजता खुल्या होतात. जुलैच्या मध्यावर जायचं, तर जानेवारी सरता सरता अर्ज गेलेला हवा. अर्जाचे १० डॉलर परत मिळत नाहीत. नंबर लागला तर माणशी आणखी ५ डॉलर. किती जनावरं नेणार हे अर्जातच भरा. कमाल मर्यादा ट्रेलवर १५ माणसं आणि २५ जनावरं.

परमिट घरी येत नाही. गटप्रमुखाने, किंवा अर्जात पर्यायी म्हणून नाव दिलेल्या माणसाने, ओळखपत्र घेऊन विल्डरनेस केंद्रावर जायचं; आदल्या दिवशी किंवा निघायच्या दिवशी सकाळी १० च्या आत. उशीर होणार असेल तर फोन करून कळवा, नाहीतर परमिट दुसऱ्याला जातं. घोड्यांचा ट्रेलर घेऊन घाट चढायला जो वेळ लागतो, तो बघता आदल्या दिवशीच गाठलेलं बरं.

घोडा नेवाडासारख्या दुसऱ्या राज्यातून आणत असाल तर ३० दिवसांच्या आतलं पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र आणि कॉगिन्स चाचणीचा निगेटिव्ह अहवाल जवळ ठेवा. ही चाचणी घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची. सहा महिन्यांपेक्षा लहान शिंगरू असेल तर ती लागत नाही.

आता वैरण. गवताच्या गठ्ठ्यातून परकं तणाचं बी रानात जाऊ नये म्हणून तणमुक्त प्रमाणित गवत किंवा पेलेट्स, म्हणजे चारा दाबून केलेल्या गोळ्या, एवढंच न्यायचं. प्रमाणित गठ्ठा ओळखायची खूण म्हणजे त्याला बांधलेली दोरी: बऱ्याच ठिकाणी ती निळी-नारिंगी असते, नाहीतर चिठ्ठी लावलेली असते. आम्ही स्वस्तात मिळाले म्हणून साध्या पांढऱ्या सुतळीचे चार गठ्ठे घेतले, हिरवेगार, वासही छान. शेवटी ते तबेल्यात परत ठेवून पेलेट्सच्या गोण्या भराव्या लागल्या. पेलेट्स तोबऱ्यात घालून दिले की सांडतही नाहीत, आणि ओझंही आटोपशीर होतं.

तळ्याकाठी म्हणजे अगदी काठावर नव्हे. तंबू आणि घोडे, दोन्ही पाण्यापासून किमान १०० फूट लांब. घोडा बुंध्याला बांधून ठेवू नका. दोन झाडांमध्ये उंच दोर ताणून घोडे त्याला बांधा; साल सोलू नये म्हणून झाडाला रुंद पट्टा गुंडाळा. पायबंद घालून चरायला सोडायची सवय असेल तर कुरण ओलं नाही ना, आणि तिथे चराई खुली आहे ना, हे परमिट घेतानाच विचारा. ९,६०० फुटांच्या वर शेकोटी नाही. माणसांचं खाणं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, यात सूट नाही. मिस्ट ट्रेलवर घोडे चालत नाहीत. जॉन म्यूर ट्रेलने वळसा घाला.

भारतातून आईबाबा येणार असतील तर घोडे भाड्याचेच. पार्कची परवानगी असलेला पॅकर, म्हणजे भाड्याने घोडे पुरवणारा, गाठा, आणि परमिट तो काढणार की तुम्ही, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना वार्षिक पास नसेल तर नेहमीच्या प्रवेश शुल्काशिवाय माणशी १०० डॉलर जास्त पडतात, तेवढे हिशेबात धरा. निघताना लीद पसरवून टाका, खुरांनी उकरलेली माती पायाने सारखी करा.