क्रिटिकल पाथ (बांधकाम नियोजन)

बांधकामातली जी कामं एक दिवस लांबली की अख्खा प्रोजेक्टच एक दिवस लांबतो, त्या कामांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. बाकीच्या कामांना जी थोडी सवलत मिळते तिला फ्लोट म्हणतात. कामांच्या तारखा आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा बारचार्ट साइट ऑफिसच्या भिंतीवर सगळ्यांनी पाहिलेलाच असतो.

उगमाबद्दल मात्र एकमत नाही. बारचार्टचं श्रेय हेन्री गँटला देतात (साधारण 1910 ते 1915), पण पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीचा तसाच तक्ता 1896 च्या आसपासचा आहे, फक्त त्याचं लिखाण बाहेर पोचायला 1931 उजाडलं, आणि गँटचे मूळ तक्ते बहुतेक कामगार-मशीनच्या रोजच्या कामाची नोंद ठेवणारे होते, तेव्हा सगळं श्रेय त्यालाच देणं जरा जास्त वाटतं. सीपीएमचंही (क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे हा पाथ काढायची पद्धत) तसंच. ड्यूपाँट कंपनीचा मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचा जेम्स केली यांनी ती 1956-57 च्या सुमारास बांधली, अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठीचं पर्ट (नियोजनाचं तसंच दुसरं तंत्र) 1958 चं, म्हणजे दोन्ही जवळपास एकाच वेळी आणि बहुधा स्वतंत्रपणे. गंमत म्हणजे 'क्रिटिकल पाथ' हे नाव केलीने पर्टवाल्यांचंच मानलं. खरा फरक असा की पर्टचा भर कालावधीच्या अनिश्चिततेवर, तर ड्यूपाँटला काम लवकर उरकायला जादा किती पैसे लागतील ते हवं होतं. म्हणजे खर्च सीपीएममध्ये पहिल्यापासून होता, आपल्याकडे साइटवर मात्र नुसत्या तारखाच उरल्या.

खर्चाची बाजू क्वांटिटीवर उभी असते. 100 चौरस मीटरचा 125 मिमी जाडीचा स्लॅब म्हणजे 12.5 घनमीटर ओलं काँक्रीट, कोरं (पाणी घालण्याआधीचं) धरताना 1.54 ने गुणायचं, 19.25 झालं, 1:1.5:3 (सिमेंट:वाळू:खडी) मध्ये सिमेंट 3.5 घनमीटर, म्हणजे 50 किलोच्या 101 गोण्या, वेस्टेज वेगळं. सळईच्या वजनाला व्यासाचा (मिमी) वर्ग भागिले 162, 16 मिमीची मीटरला 1.58 किलो. दर महापालिकेच्या कामाला तिच्या दरपत्रकातून, पीडब्ल्यूडीच्या कामाला त्यांच्या.

मुंबईत पाथ बऱ्याचदा काँक्रीटमधून जातच नाही. प्लिंथपर्यंतची (जोत्यापर्यंतची) सीसी, म्हणजे काम सुरू करायचा महापालिकेचा दाखला, मग पुढची सीसी, हीसुद्धा अॅक्टिव्हिटीच धरावी लागते, आणि खोदकाम-पाया जूनच्या आत उरकला नाही तर खड्ड्यात पंप लावून बसावं लागतं. टेकू काढायची घाईही चालत नाही, आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे साध्या सिमेंटला 4.5 मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या स्लॅबचे टेकू 7 दिवस, त्यापुढे 14. वांद्रे-वरळी सी लिंकचा सुरुवातीचा अंदाज साधारण 660 कोटींचा सांगतात, 30 जून 2009 ला उद्घाटन होईपर्यंत खर्च 1,600 कोटींच्या आसपास गेला, मधे कोर्टकज्जे आणि मच्छिमारांच्या हरकतींमुळे डिझाइनमधले बदल. हे कुठल्याच बारचार्टवर नव्हतं.

1 मे 2017 पासून महारेराकडे (राज्याचं गृहप्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) प्रोजेक्ट पूर्ण व्हायची तारीख जाहीर करावी लागते, त्यामुळे बिल्डर ती ठरवतानाच फ्लोट पोटात घालून ठेवतात.